चारचौघांतलं ‘नको’

प्रबोध खासनीसला जपानच्या त्या नव्या गाडीचा राग नेमका कधी आला, हे मिनिटासकट सांगता येईल. मार्चमधला मंगळवार, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. त्याआधी तीन आठवडे तो त्या गाडीच्या प्रेमात होता.

गाडी होतीच तशी. जेमतेम दहा खोल्या, जमिनीपासून छतापर्यंत काच, समुद्राच्या कडेकडेने तीन दिवस रमतगमत जायचं, मधल्या स्टेशनांवर गावची माणसं हात हलवायला उभी, आणि आंघोळीला लाकडी टब, तोही धावत्या गाडीत. भाडं ऐकून माणूस आधी हसायचा आणि मग गप्प व्हायचा. पण नुसतं भाडं भरून गाडीत पाय ठेवता येत नव्हता, ही खरी गंमत. आधी अर्ज करायचा, मग सोडत निघणार, आणि नशिबात असेल तर बोलावणं येणार. अर्जात एक रकाना होता: तुम्हाला या गाडीने प्रवास का करायचा आहे? प्रबोध एका बँकेच्या सॉफ्टवेअरचा मॅनेजर. त्याने बँकेला ताटकळत ठेवून त्या रकान्यावर तीन संध्याकाळी घालवल्या. लग्नाला पंचवीस वर्षं होतील, बायकोला आजवर जिथे जिथे नेलं तिथे कुणाची तरी मुंज, कुणाचं तरी लग्न नाहीतर माझी मीटिंग होती, नुसतं तिच्या शेजारी बसून बाहेर बघणं राहूनच गेलं, असं त्याने लिहिलं. हे त्याने कुणालाही सांगितलं नाही, संजीवनीलासुद्धा नाही. सांगायचं ते नंबर लागल्यावर, असा त्याचा हिशोब.

मंगळवारी नकाराची ईमेल आली. इतकी अदबशीर की दोनदा वाचल्याशिवाय तो नकार आहे हेच कळेना. कळल्यावर प्रबोधने खुर्ची मागे ढकलली, आणि चारच्या आत ‘खिडकीत बसायचे पैसे’ नावाचा लेख लिहून सिंगापूरच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला.

लेख झकास होता, यात वाद नाही. माणूस चिडला की त्याची भाषा सुधारते. ‘बाहेर बघायला पैसे मोजणाऱ्या रसिकांना कळवण्यात आनंद होतो की, बुकित बातोकला आमच्या अकराव्या मजल्यावर एक खिडकी उपलब्ध आहे. समोरच्या ब्लॉकचे वाळत घातलेले कपडे ऋतुमानाप्रमाणे पाहता येतील. चहा सौभाग्यवतींच्या हातचा. सोडत नाही, थेट प्रवेश.’ अशा धाटणीत त्याने गाडीचा टब, गाडीचा स्वयंपाकी, गाडीतला पियानो, सगळ्यांची सालं काढली होती.

ग्रुपवर नुसता धुरळा उडाला. वुडलँड्सला मुलाकडे राहणारे दीनानाथकाका म्हणाले, नदी-डोंगर काय आपल्याकडे कमी आहेत? मंडळाचा अध्यक्ष विश्वास करमरकर म्हणाला, पैसा आहे म्हणून असा उडवायचा नसतो. सिंगापुरात मोटारीच्या नुसत्या परवान्यालाच मोटारीइतके पैसे पडतात, आणि विश्वासने गेल्याच वर्षी तिथे स्वतःची मोटार घेतली होती, म्हणजे पैसा कसा उडवायचा याचा त्याचा अभ्यास पक्का होता. ऑफिसात प्रबोधच्याच हाताखाली असलेल्या तन्मयने ‘काका, कडक’ एवढंच लिहिलं, पण अकरा वेळा. ज्यांना गाडीची बातमी ठाऊकच नव्हती, त्यांनी ती आधी शोधून काढली आणि मग नाकं मुरडली. आठवडाभरात लेख पुण्याला गेला, तिथून न्यू जर्सीला गेला, आणि सांगलीच्या मामाकडून प्रबोधकडेच परत आला. खाली नाव नव्हतं. मामाने वर लिहिलं होतं, ‘तूही असं काहीतरी लिहीत जा.’

हे दुःख प्रबोधने दोन दिवस सोसलं आणि मग लेखाचा दुसरा भाग लिहिला, त्यात स्वतःचं नाव सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी टाकलं.

या सगळ्या टाळ्यांत एकच सूर वेगळा लागला. एकता वानखेडे म्हणून एक नागपूरची मुलगी होती, सिंगापुरातच क्वीन्सटाउनला राहायची, तिथल्याच एका प्रयोगशाळेत संशोधन करायची. ग्रुपवर एरवी ती कधी बोलत नसे. तिने लिहिलं, ‘मला तर जायला फार आवडेल. नुसतं बसायचं आणि बाहेर बघायचं, कुणाशी बोलायलाही नको.’ झालं. दुसऱ्या भागात प्रबोधने तिची ‘खिडकीबाई’ केली. खिडकीबाई दिवसभर काचेला नाक लावून बसतात आणि संध्याकाळी नाकाचा ठसा आठवण म्हणून घरी नेतात, वगैरे. एकताने त्यावर एक हसरा चेहरा पाठवला आणि नंतर तीन महिने काहीच पाठवलं नाही. बोचलं असेल का, असं संजीवनीने तेव्हाच विचारलं होतं. अगं, विनोद आहे तो, असं प्रबोध म्हणाला. बोचवणारे नेहमी हेच म्हणतात.

जूनपर्यंत प्रबोध पुरता प्रसिद्ध झाला. किराणा दुकानात लोक त्याला ओळखायचे. ‘तुम्हीच ना ते गाडीवाले?’ ज्या गाडीने त्याला नाकारलं होतं तिच्याच नावाने तो ओळखला जाऊ लागला, आणि यात त्याला काही वावगं वाटेना. मग विश्वासला कल्पना सुचली की मंडळाने एक प्रति-सफर काढावी. जुराँग ईस्ट ते वुडलँड्स, आपली साधी एमआरटी, म्हणजे शहरातली मेट्रो. त्या टप्प्यात गाडी पुलावरून जाते, त्यामुळे खिडकीबाहेर बघायलाही मिळतं. प्रबोधने गाइड म्हणून बोलायचं, तन्मयने शूटिंग करायचं, आणि उतरल्यावर दीनानाथकाकांकडे जेवण. रविवार ठरला. चोवीस जणांनी नावं दिली.

गुरुवारी संध्याकाळी जेवण झाल्यावर संजीवनीने हात पुसत विचारलं, “जपानला येतोस का?”

प्रबोध हसला. त्याला वाटलं, रविवारच्या भाषणासाठी काही सुचवते आहे.

“तुझी ती नकाराची ईमेल मीच आधी वाचली,” ती म्हणाली. “घरच्या आयपॅडवरही आली होती. खाली तुझा अर्जही होता. माझ्या शेजारी बसून बघायचं राहिलं म्हणालास ना, ते वाचलं. मग दुसऱ्या फेरीत मी भरला अर्ज. लागला.”

प्रबोध उभाच राहिला. त्याने तिचे दोन्ही खांदे धरले आणि खुळ्यासारखा हसत राहिला, आणि त्या पाच सेकंदांत तो खरोखर सुखी होता. सहाव्या सेकंदाला त्याला रविवार आठवला.

“पण हे कुणाला सांगायचं नाही हं,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“म्हणजे फोटो वगैरे टाकायचे नाहीत. मी सांगेन, ऑफिसच्या कामाला टोकियोला चाललोय.”

“आणि मी कोण? ऑफिसचं काम?”

प्रबोधने तिला समजावून सांगितलं. लोकांत आपली एक प्रतिमा झालीय, तीन महिने ज्या गाडीला शिव्या घातल्या तिच्यातच बसलो तर लोक तोंडात शेण घालतील, त्या विश्वासच्या हातात तर कोलीतच मिळेल. संजीवनीने सगळं ऐकून घेतलं. ती शाळेत गणित शिकवायची, आणि चुकीचं गणितही शेवटपर्यंत पाहायची तिला सवय होती.

“दुसऱ्या प्रवाशाचं नाव रविवारी दुपारी बारापर्यंत भरायचंय,” ती म्हणाली. “ते भरलं की बदलता येत नाही. तुझं टाकू का, एवढं सांग. पण यायचं तर उजळ माथ्याने ये. मी त्या गाडीत चोरासारखी बसणार नाही.”

“एवढा रविवार जाऊ दे.”

“रविवारीच मुदत आहे, प्रबोध.”

“मग रविवारी सांगतो,” तो म्हणाला. मनात त्याने तेव्हाच ठरवलं होतं की जायचं. तिच्या अटीतून वाट कशी काढायची, एवढाच प्रश्न होता, आणि वाट काढण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं.

रविवारी साडेदहाला सगळे जुराँग ईस्टला जमले. विश्वासने छापून आणलेले खोटे बोर्डिंग पास वाटले. संजीवनी एकताला घेऊन आली होती, ते पाहून प्रबोध जरासा चपापला, पण एकताने नेहमीसारखा नमस्कार केला. गाडी आली, सगळे एकाच डब्यात घुसले, दारं लागली. आणि दीनानाथकाकांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला.

आदल्या दिवशी काकांकडे सत्यनारायण झाला होता. शुभारंभ आहे म्हणून त्यांनी प्रसाद आणला होता, साजूक तुपातला, केळं घातलेला शिरा. काका चमच्याने वाढत गेले आणि हात पुढे होत गेले. प्रसादाला हात पुढे करायचा की नाही याचा विचार आपल्यात कुणी करतच नाही. उजवा हात वर, डावा खाली, मान किंचित वाकलेली, हे सगळं डोक्याला न विचारताच होतं. जवळजवळ सगळ्यांच्या तळहातावर शिरा पडल्यावर कुणाचं तरी लक्ष दारावरच्या पाटीकडे गेलं. खाण्यापिण्यास मनाई, पाचशे डॉलर दंड.

यांतल्या निम्म्या लोकांची नोकरी सरकारच्या वर्क पासवर होती आणि उरलेल्या निम्म्यांचे पीआरचे, म्हणजे कायम राहण्याच्या परवानगीचे, अर्ज पडून होते. शिरा खाताना पकडलो म्हणून अर्ज फेटाळला, हे घरी कळवणार कसं? बरं, खाता येत नाही तर टाकणार कुठे? प्रसाद तो. खिशात घालणार? विश्वास म्हणाला, काका, तात्पुरता डब्यात परत घ्या. काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की अध्यक्षाने आपली मूठ गुपचूप मिटून घेतली. मग सगळ्यांनीच मुठी मिटल्या. वीसेक माणसं रविवारच्या सकाळी उजव्या मुठी छातीशी धरून, डाव्या हाताने दांडे पकडून उभी. समोरच्या बाकावरच्या चिनी आजी पिशवी मांडीवर ओढून घेऊन जरा सरकून बसल्या. त्यांना वाटलं, मोर्चा आहे.

संजीवनीने तेवढी पर्समधली डबी काढून स्वतःचा आणि एकताचा प्रसाद तिच्यात ठेवला, हात पुसले, आणि दोघी खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

चो चू कांग स्टेशनला गणवेशातला एक कर्मचारी आत आला. त्याने मुठींकडे पाहिलं, काकांच्या डब्याकडे पाहिलं, हवेतला तुपाचा वास घेतला.

“अंकल, नो ईटिंग आ.”

“नॉट ईटिंग,” काका शांतपणे म्हणाले. “ओन्ली होल्डिंग.”

धरून ठेवण्याबद्दल पाटीवर काही लिहिलेलं नव्हतं. तो बिचारा पाटी पुन्हा एकदा वाचून पुढच्या डब्यात गेला.

आता प्रबोधची पंचाईत अशी की भाषण फोनमध्ये होतं, उजव्या मुठीत शिरा होता, आणि डाव्या हाताने दांडा सोडला तर तो आजींच्या मांडीत जाणार होता. तन्मयकडे प्रसाद पोचायच्या आत डबा रिकामा झाला होता, त्यामुळे त्याचे हात मोकळे होते. त्याने एका हातात स्वतःचा फोन शूटिंगला धरला आणि दुसऱ्या हातात प्रबोधचा फोन त्याच्या डोळ्यांसमोर धरला. प्रबोध वाचू लागला.

“प्रवासी मित्रहो, डावीकडे आपल्याला दिसतो आहे सिंगापूरचा सुप्रसिद्ध बहुमजली पार्किंग लॉट. जपानात हे दृश्य पाहायला लोकांनी तीन लाख मोजले असते आणि वर डोळ्यांत पाणी आणलं असतं.”

लोक हसले. मुठीत शिरा घेऊनही हसले. प्रबोधला रंग चढला. यू टी स्टेशन गेलं, क्रांजी येऊ लागलं, बाहेर हिरवंगार रान सुरू झालं, पण ते कुणी पाहत नव्हतं, सगळे प्रबोधकडे पाहत होते. त्याच्या मनगटावरून तुपाचा ओघळ कोपराकडे निघाला होता. तेवढ्यात समोर धरलेल्या फोनवर, भाषणाच्या डोक्यावर, एक मेसेज उमटला. तन्मयने तो मोठ्याने वाचला. यात त्याचा दोष नाही. जे दिसेल ते वाचायचं अशाच समजुतीत तो होता.

“काका, काकूंचा मेसेज आलाय. ‘तुझं नाव टाकू का?’”

डब्याच्या त्या टोकाला संजीवनी फोन हातात घेऊन उभी होती. ती त्याच्याकडेच पाहत होती.

“कसलं नाव?” विश्वासने विचारलं.

“काही नाही रे, घरचं.”

“टाका की वहिनी, काय असेल ते,” कुणीतरी म्हणालं. “कसलं आहे पण?”

शूटिंग चालूच होतं. एक अक्षर टाइप करायला प्रबोधकडे हात नव्हता, आणि तोंडाने बोलायचं तर सगळ्यांच्या देखत. ‘हो’ म्हणायला त्याचे ओठ उघडलेसुद्धा. पण ‘हो’ म्हटलं की पुढचा प्रश्न ‘कशाला हो’ हाच येणार. त्याने विश्वासचा चेहरा पाहिला. अजून दहा मिनिटांत वुडलँड्स येईल, तिथे हात धुऊ आणि शांतपणे सांगू, बाराला अजून पुष्कळ वेळ आहे, असा त्याने विचार केला. शिवाय इतक्या वर्षांच्या संसारात तिला कळायलाच हवं की चारचौघांतलं ‘नको’ म्हणजे घरचं ‘हो’.

“नको म्हणावं,” तो तन्मयला म्हणाला. आणि लोक वाट पाहतायत म्हणून मोठ्याने म्हणाला, “नको, नको टाकू. असल्या भानगडीत आपण पडत नाही.”

कशाची भानगड हे कुणालाच कळलं नाही, तरी लोक हसले. संजीवनीने मान हलवली आणि फोनकडे पाहिलं. प्रबोधने डोळ्यांनी काहीतरी खुणावलं, पण इतक्या लांबून खूण आणि घामाने मिटलेले डोळे यांत फरक कळत नाही.

वुडलँड्सला गेटबाहेर पडताच वीसेक माणसांनी एकदम मुठी उघडल्या आणि शिरा तोंडात टाकला. प्रबोध धावत जाऊन हात धुऊन आला. घड्याळात साडेअकरा वाजले होते. संजीवनी खांबाशी एकटीच उभी होती.

“हो,” तो धापा टाकत म्हणाला. “टाक नाव.”

“टाकलं.”

त्याला इतकं हलकं वाटलं की त्याने तिचा हात धरला. ओळखलं हिने. बायको असावी तर अशी.

“एकताचं,” ती म्हणाली.

“काय?”

“तू नको म्हणालास.”

“अगं, ते लोकांसमोर होतं.”

“हो ना. मी लोकांसमोरचंच विचारत होते. घरातलं तुझं उत्तर मला मार्चपासून माहीत आहे.”

बदलता येणार नाही का, हे त्याने विचारलं नाही, कारण त्याचं उत्तर गुरुवारीच मिळालेलं होतं. फार वाईट वाटलं त्याला. आणि वाईट वाटतंय हे सांगायला जगात एकच माणूस होतं, ते समोर उभं होतं आणि त्याच्यावर रागावलेलंही नव्हतं. रागावली असती तर भांडता तरी आलं असतं.

एवढ्यात एकता आली. तिचा चेहरा फुलला होता, पण बोलताना ती चाचरत होती. “दादा, तुम्हाला खरंच चालेल ना? ताई म्हणाल्या, तुम्हाला यायचं नाहीये. मला अजून खरं वाटत नाहीये. मी बाबांना फोन करून सांगितलं, तर बाबा रडायलाच लागले.”

“कुठे यायचं नाहीये?” मागून विश्वासने विचारलं. बाकीचेही गोळा झाले होते.

संजीवनीने सरळ सांगून टाकलं. सोडतीत तिचा नंबर लागला, नोव्हेंबरात ती आणि एकता त्या गाडीने चालल्या आहेत.

आता शोभा होणार म्हणून प्रबोधने मान खाली घातली. पण झालं भलतंच. विश्वास करमरकरने आधी संजीवनीचा हात हातात घेतला आणि मग खणखणीत आवाजात अभिनंदन केलं. “वहिनी, नशीबवान आहात. आम्ही दोन्ही फेऱ्यांना भरला होता अर्ज. नाही लागला.” त्याची बायको म्हणाली, तिसऱ्यालाही भरलाय. मागून कुणीतरी म्हणालं, आम्ही पण. मग आणखी एक जण. दीनानाथकाका जरा लाजत म्हणाले की, सूनबाईने भरून दिला होता, त्या रकान्यात काय लिहायचं ते मात्र मी स्वतः सांगितलं. तन्मयने आईवडिलांच्या नावाने भरला होता. कोण किती नंबरने हुकलं, कुणाला काय उत्तर आलं, ती ईमेल किती गोड होती, यावर स्टेशनातच चर्चासत्र सुरू झालं. एकताला सगळे विचारू लागले की खिडकी कुठल्या बाजूची मिळणार, समुद्राकडची का. तीन महिने ज्यांच्या भीतीने प्रबोधने तोंड दाबून धरलं होतं, ते सगळे नकाराची ईमेल खिशात घेऊन त्याच्या विनोदांना टाळ्या वाजवत होते.

“मी पण भरला होता,” प्रबोध म्हणाला.

विश्वासने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि हसत सुटला. काकांनी डोळे पुसले. कुणीतरी म्हणालं, काय टायमिंग आहे या माणसाचं.

“खरंच भरला होता,” प्रबोध म्हणाला. “तीन संध्याकाळी लिहीत बसलो होतो.”

हसता हसता लोकांची पुरेवाट झाली. एकतासुद्धा हसली, तोंडावर हात धरून. संजीवनी हसली नाही. तिने त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं, आणि मग काकांच्या सुनेला पोळ्या लाटायला मदत हवी असेल म्हणून ती पुढे निघाली.

“काका, हा शेवटचा सगळ्यांत भारी होता,” तन्मय फोन सरसावत म्हणाला. “तेवढाच नेमका शूट नाही झाला. तोच चेहरा ठेवा आणि परत एकदा म्हणा ना.”

प्रबोधने परत म्हटलं. या वेळी लोक आणखी जोरात हसले.